वहीची पहिली ओळ

"चलवन दाखय गो तिका. बगूया."

भाटकार आपल्या दारापुढच्या उंच बाल्कांवात बसून म्हणाला. दगडी बाकावर तो, शेजारी जमिनीचा दलाल आणि दिल्लीहून आलेलं एक जोडपं. मी खाली फरशी घातलेल्या अंगणात उभी. माझा हात धरून माझी दहा वर्षांची तन्वी. डोक्यावर ऑपरेशनच्या जागी केस नुकते उगवत होते, मधून व्रण दिसत होता. म्हणून मी तिला टोपी घालून नेलं होतं. भाटकाराने टोपी काढायला सांगितली. मी काढली.

हात सोडला. तिने एक पाऊल टाकलं. दुसरं. उजवा पाय ओढत. पाचव्या पावलाला ती थांबली, वळून माझ्याकडे बघितलं आणि तिला तिथेच लघवी झाली. मग ती त्याच ओल्यात बसली. दिल्लीच्या बाईने तोंड फिरवलं.

"पयली फरशी पूस गो," भाटकार म्हणाला. "पावणे आसत."

मी पुसली. पदराने. मुलीला उचलायच्या आधी मी त्याची फरशी पुसली. मला कुणी मारलं नाही, ढकललं नाही. हात आपोआप खाली गेले. माझ्या सासूचे गेले असते, तिच्या सासूचे गेले असते, तसेच माझे गेले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम कुठलं असेल तर ते हेच.

भाटकार म्हणजे जमिनीचा मालक. पेडण्यातल्या आमच्या गावात अर्धी टेकडी त्याची. आम्ही त्याचे मुंडकार. त्याच्या जमिनीवर आमच्या माणसांनी घर बांधलं, पिढ्यान् पिढ्या राहिलो, त्याचे काजू वेचले, त्याच्या लग्नांत भांडी घासली. घर आमचं, जमीन त्याची. कायद्याने त्या घरावर आमचा हक्क आहे हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं. त्याच्याकडे आमच्यासाठी वेगळा कप असतो, अंगणाच्या कट्ट्यावर पालथा. चहा प्यायचा, धुवायचा, परत पालथा ठेवायचा. मी मोरजीच्या हॉटेलात खोल्या साफ करते. तिथे गोऱ्या लोकांचे कप मी धुते, पण माझा चहा मी त्याच कपातून पिते. तरी भाटकाराच्या अंगणात गेले की मी मुकाट तो पालथा कप उचलत होते.

तन्वीला लागलं ते सकाळी. पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला की ती पैसे मुठीत धरून धावायची. गरम पाव आधी तिच्या हातात पडला पाहिजे. त्या दिवशी भाड्याची गाडी घेऊन निघालेली पोरं वळणावर जोरात आली आणि गाडीने तिला उडवलं. सरकारी इस्पितळात ऑपरेशन फुकट झालं. किती दिवस तिने डोळे उघडले नाहीत. मग उघडले. डॉक्टर म्हणाले, "जीव वाचला. आता मेंदूला सगळं परत शिकवायचं. गिळणं, चालणं, बोलणं. पहिले महिने महत्त्वाचे, ते घालवू नका." राज्याबाहेरच्या एका केंद्राचं नाव त्यांनी लिहून दिलं. तिथे तीन महिने राहायचं. खर्च ऐकला आणि मी बोटांवर हिशेब केला. माझा आणि नवऱ्याचा दोन वर्षांचा पगार एकत्र केला तरी पुरला नसता. नवरा मासळीच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहे, कधी कामाला, कधी घरी.

मंगळसूत्र विकलं. मोबाइलवर मदतीचं पान काढलं. लोकांनी ते पुढे पाठवलं, हात जोडल्याची चित्रं पाठवली. पैसे थोडेच. मग मी शंभर पानी वही आणली. गावातून वर्गणी काढायची ठरवली.

आणि तिथे मी चुकले. वही घेऊन आधी भाटकाराकडे गेले.

आमच्याकडे तशीच रीत आहे. जत्रेचा फंड असो, नाटकाचा असो, वही पहिल्यांदा भाटकाराच्या घरी जाते. पहिली ओळ त्याची. त्याने आकडा घातला की मग दुकानदार, मास्तर, बाकीचे. भाटकाराच्या वर कुणी जात नाही. त्याने घातल्याशिवाय कुणी पेनाला हात लावत नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं की मुलीच्या औषधालाही ही रीत लागते. मीच गेले. माझ्या पायांनी.

"वही ठेव हयसर. बगून घालतंय," तो म्हणाला.

वही तीन आठवडे त्याच्याकडे पडून राहिली. मी चारदा गेले. एकदा तो जेवत होता, एकदा देवळात, दोनदा भेटलाच नाही. गावात कुणाला विचारावं तर एकच. "भाटकारान किती घातल्यान? ता कळू दी, मागीर आमी घालतंव." तीन आठवडे. डॉक्टर म्हणाले होते घालवू नका, ते दिवस मी त्याच्या अंगणात घालवले. आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

मग निरोप आला, मुलीला घेऊन ये. पुढचं सांगितलंच. फरशी पुसून झाल्यावर दलाल खाली उतरला आणि माझ्या हातात दोन गोष्टी दिल्या. वही, आणि एक टाईप केलेला कागद.

"सय करा दोगांनी," दलाल भाटकाराकडे मान करून म्हणाला. "सगळो खर्च बाबा करतले. तीन म्हयने काय, स म्हयने रवा."

कागदात लिहिलं होतं की आम्ही मुंडकार नाही. भाटकाराने दयेने राहायला दिलेले राखणदार आहोत, सांगेल तेव्हा घर सोडू. विमानतळ झाल्यापासून आमच्या बाजूच्या जमिनीला सोन्याचा भाव. दिल्लीच्या जोडप्याला टेकडी हवी होती आणि आमचं घर टेकडीच्या बरोबर मध्ये.

वाटेत मी वही उघडली. पहिली ओळ. भाटकाराचं पूर्ण नाव, सुंदर अक्षर. समोर एकशे एक रुपये. नोट पानाला टाचलेली.

जत्रेला हा माणूस हजारांनी घालतो. मी रस्त्यातच उभी राहिले. आता दुकानदार एक्कावन्न लिहिणार. मास्तर एकवीस. चांगली माणसं, द्यायची इच्छा असलेली माणसं, तीही एकशे एकच्या खालीच राहणार. त्याने एका ओळीत सगळ्या गावाचे हात बांधले होते. मग उरतो कागद. राग आला असं नाही म्हणणार. हा माणूस माझ्या मुलीच्या डोक्याचा व्रण बघून असा हिशेब करू शकतो?

घरी नवऱ्याने कागद दोनदा वाचला. "करूया सय," तो म्हणाला. "घर मागीर बांदूक येता. चेडूं मागीर गावाचां नाय."

त्याचं खोटं नव्हतं, मुलगी पुन्हा मिळत नाही. मी पेन शोधायला उठले. खरंच उठले. तेवढ्यात तन्वी भिंत धरत मागच्या दाराकडे गेली. त्या दाराची कडी जुनी आहे, आधी वर उचलायची, मग आपल्याकडे ओढायची. नवख्या माणसाला उघडत नाही. चमचा कुठून धरायचा हे विसरलेल्या, मला आई म्हणता न येणाऱ्या माझ्या मुलीने ती कडी वर उचलली, ओढली, दार उघडलं. इस्पितळातली फिजिओवाली मुलगी मला म्हणाली होती, तिला घरातल्या रोजच्या वस्तूंवरच शिकवा, तिथूनच तिला एकेक आठवेल. सगळं पुसलं गेलं होतं, पण हे घर तिच्या हातात होतं. आणि तेच विकून मी तिला बरं करायला निघाले होते.

नवऱ्यालाही दिसलं. तो रडला. मग चिडला. "आनी पयशे खंयसून हाडतलंस?" मी कागदाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. पालथ्या कपाकडे बघितलं नाही. बाल्कांवाच्या पायऱ्या चढले, आमच्यातलं कुणी चढत नाही त्या. कागद आणि एकशे एकची नोट त्याच्या शेजारी बाकावर ठेवली.

"सय होवची नाय, बाबा."

"तू येतलंस परत," तो म्हणाला. "चार दिसांनी येतलंस."

"येवचंय नाय."

मागे न बघता पायऱ्या उतरले. शूरबिर काही नव्हते मी.

वहीचं पहिलं पान फाडलं आणि वही हॉटेलात नेली. माझ्याबरोबर खोल्या साफ करणारी बेळगावकडची एक बाई आहे, पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहते. तिने पहिलं नाव लिहिलं, समोर तीन दिवसांची मजुरी. तिला आमची रीत माहीत नव्हती. गावात मात्र काहींनी दार लोटून घेतलं. दुकानदाराने पाच हजार दिले, आजूबाजूला बघत म्हणाला, "नाव घालू नको हां." तसे पुष्कळ निघाले. माझ्या वहीत पानंच्या पानं नुसतं 'एक गावकरी' लिहिलेलं आहे.

पैसे एका महिन्याचे जमले. तीन महिन्यांचे हवेत. सोमवारच्या बसने आम्ही निघतो. दुसऱ्या महिन्याचं काय, मला माहीत नाही. तन्वी कधीच बोलली नाही तर ते मी सही केली नाही म्हणून असेल, हे मला रोज टोचतं. कुणी मला तू बरोबर केलंस असं सांगू नये. मला त्याचा उपयोग नाही.

घर आमच्या नावावर करून द्या, असा अर्ज मी मामलेदार कचेरीत दिला आहे. तारीख पडली की तन्वीला नवऱ्याच्या स्वाधीन करून मी एकटी येईन, उभी राहीन, परत जाईन. पैसे संपले की पुन्हा मागेन. पार्श्यात मागेन, मोरजीत मागेन, हॉटेलांच्या रांगेत मागेन. मुलीसाठी हात पसरायची मला लाज उरलेली नाही. एक दार सोडून मी सगळ्या दारांत जाईन. आणि तन्वीला मी ह्याच घरात परत आणणार आहे.