पुढच्या गाडीला चिकटून

मे २००५, शनिवार सकाळ. हजर: मी, नवरा आणि अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या बाडहूव्हडॉर्पमधले आमचे पुणेकर शेजारी. त्यांच्या नव्या डच लायसन्सवर दंडाचा तिसरा पॉइंट लागला होता; नवख्यांना तीन झाले की पुन्हा परीक्षा. गुन्हा तिन्ही वेळा एकच: पुढच्या गाडीला चिकटून चालवणं.

“वहिनी, अंतर सोडलं की कुणीतरी घुसतं हो!”

सुपरमार्केटच्या रांगेतही ते असेच चिकटून उभे राहतात.

मी पर्याय लिहून दिले: पुन्हा ड्रायव्हिंगची परीक्षा, नाहीतर कायमची सायकल.

“सायकलवर आईला एअरपोर्टवरून आणू?” म्हणत त्यांनी गाडीची किल्ली आपणहून माझ्यापुढे सरकवली. “पास होईपर्यंत तुमच्याकडे ठेवा. मला माझाच भरवसा नाही.”

अखेर दोन महिन्यांनी, काल, ते पास झाले. आई गुरुवारी येतेय. माझ्या यादीतलं ‘किल्ली परत देणे’ मात्र अजून बाकी आहे.