अनामिकेविना लाझगी

खोरेझममधल्या गुरलान गावात लग्न ठरलं की घराघरांत दोन भांडणं हमखास व्हायची. पुलावाला तांदूळ कुणाच्या शेतातला आणायचा हे पहिलं, आणि बायकांच्या बैठकीला खलफा कोणती बोलवायची हे दुसरं. दुसरं भांडण लवकर मिटायचं. कुणीतरी विचारायचं, "बीकाजान मोकळी आहे का?" आणि ती मोकळी असली की विषय संपायचा.

खलफेशिवाय खोरेझममध्ये बायकांचं लग्न लागतच नाही म्हणा ना. गाणार तीच, वाजवणार तीच, नवरीला आशीर्वाद देणार तीच आणि नवऱ्याकडच्यांची भर बैठकीत फिरकी घेणारही तीच. बीकाजान मांडीवर गारमोन, म्हणजे भात्याची हातपेटी, घेऊन बसली, डाव्या हाताने भाता ओढला आणि उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर सोडली की म्हाताऱ्या आज्यांचे खांदे आपोआप हलायला लागत. शेजारी तिची जोडीदारीण अनाबीबी डफ घेऊन. बीकाजानच्या जिभेला हाड नव्हतं. समोर बसलेल्या बाईवर जागच्या जागी दोन ओळी जुळवायची, आणि ती बाई लाल होऊन हसत सुटायची.

दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या कोपरांवर लाल चट्टे उठले. त्यांवर चंदेरी खपल्या धरायच्या आणि झडायच्या. मग केसांच्या कडेला, मग गुडघ्यांवर. बीकाजानने बाह्या लांब केल्या, रुमाल कपाळावर ओढून बांधला आणि गात राहिली. पुढे नखांवर अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे पडले. सकाळी उठून टाच जमिनीला टेकवली की काच रुतल्यासारखी कळ यायची. आणि एका हिवाळ्यात उजव्या हाताची अनामिका मुळापासून टोकापर्यंत सुजली. नुसता सांधा नव्हे, सगळं बोट.

"अनाबीबी, पुलाव टाक गं," ती हात वर करून म्हणाली. "घोड्याचं मांस ठासून भरलेलं आतडं, अख्खी काझी, तयार आहे बघ."

अनाबीबी हसली नाही. "दाखव कुणाला तरी," ती म्हणाली.

दाखवलं. गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. रक्तात संधिवात दिसेना. "सांध्यांत मीठ साचलंय," असं सांगून त्यांनी मीठ बंद केलं. बीकाजान वर्षभर अळणी शोरवा प्यायली. चट्ट्यांना गावच्या वैदूने, तबीबाने, सापाची चरबी दिली, तीही लावून झाली. उन्हाळ्यात तापल्या वाळूत कमरेपर्यंत पुरून घेतलं. चट्टे वाढले, दुसरी दोन बोटं सुजली आणि अनामिका टोकाशी वाकली ती वाकलीच.

तरी ती लग्नं करत होती. लाझगी या नाचाच्या चालीचा शेवटचा जलद भाग आला की दात आवळून वाजवायची आणि अनाबीबी डफाचा आवाज चढवून सुटलेले सूर झाकायची.

मग सलामतच्या घरचं लग्न आलं. सलामत म्हणजे भातगिरणीवाल्याची बायको. तिच्या घरी दस्तरखान अंथरला की गावातल्या सगळ्या मोठ्या घरच्या बायका हजर. जेवण मांडलं गेलं. चारचार जणींत एक थाळा, अशी रीत. बीकाजान हात पुसून थाळ्याकडे सरकली तर सलामतने तिच्यापुढे एक वेगळा वाडगा ठेवला.

"आपा, तुमच्यासाठी वेगळं काढलंय हं. राग नका मानू. घरात नवी सून आहे."

"सून काय माझ्या कोपराला चाटणार आहे का?" बीकाजान म्हणाली.

दोघीतिघी फिसकन हसल्या. सलामत हसली नाही. "आणि सुनेच्या तोंडावरचा पडदाही आज अनाबीबीच उचलेल," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं वाजवा."

पडदा उचलायचा मान खलफेचा. तो काढून घेतल्यावर उरतं काय? अनाबीबीने डफ उपडा घातला आणि हाताची घडी घालून बसली. बीकाजानने हळूच दोन्ही बाह्या कोपरांच्या वर सारल्या, गारमोन उचलला, भाता ओढला आणि गायली:

"चट्टा माझ्या कोपरावर, बाई, सगळ्यांना दिसतो;
सलामतच्या मनावरचा रुमालाआड लपतो!"

मागे बसलेली एक म्हातारी खो खो हसली आणि मग सगळी खोली हसली. बीकाजान उठली, गारमोन पाठीला लावला आणि बाहेर पडली. मागोमाग अनाबीबी.

बैठक जिंकली, पण गाव गेलं. महिन्याभरात गुरलानभर झालं की बीकाजानला महारोग आहे आणि ती ज्या नवरीच्या डोक्यावर हात ठेवील तिची मुलं चट्टे घेऊन जन्मतील. आमंत्रणं थांबली. दारावरून जाणाऱ्या बायका पावलं उचलून जायच्या.

तिचा नवरा मतरसूल कमी बोलणारा माणूस. पाटावरच्या पंपाची देखभाल करायचा आणि थोड्या जमिनीत खरबुजं लावायचा. एका संध्याकाळी तो म्हणाला, "पुरे झालं. गारमोन पेटीत ठेव. गाय आहे, खरबुजं आहेत. घर चालतंय ना?"

"घर चालतंय," बीकाजान म्हणाली. "माझं चालत नाही. आणि टाच दुखते म्हणून म्हणत नाही मी."

मतरसूलला तिचे हात दिसत होते. सकाळी ब्लाऊजची बटणं तोच लावून द्यायचा, न बोलता, तोंड दुसरीकडे करून.

दुसऱ्या दिवशी तिने कात्री घेतली. बोटांत धरवेना, म्हणून अनाबीबीला बोलावलं आणि आपल्या सगळ्या कपड्यांच्या बाह्या कोपरांच्या वर कापून घेतल्या.

"हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतेस?" अनाबीबी कापता कापता पुटपुटत होती. "लोकांना विसरू दे की थोडं."

"विसरतील ते मला. चट्टे नाही विसरायचे. काप तू. वाकडं कापू नकोस, भिकारीण दिसेन."

त्याच आखूड बाह्यांमुळे पुढचं सगळं घडलं. भाद्रपदातलं ऊन असावं तसं ऊन होतं, खरबुजं पिकली होती, आणि बीकाजान उर्गेंच शहराच्या रस्त्याला मतरसूलसोबत ढीग मांडून बसली होती. चष्मा लावलेली एक बाई खरबुजं टकटक वाजवून बघत होती. मध्येच तिने खरबूज सोडून बीकाजानच्या कोपराकडे बघितलं.

"काय बघताय?" बीकाजान खेकसली. "खरबुजाला लागत नाही ते."

"माहितेय. आपा, जरा नखं दाखवता?"

"भविष्य सांगणार का?"

"भविष्य नाही, झालं गेलं सांगते. सकाळी उठल्यावर बराच वेळ मूठ मिटत नाही. कामाला लागल्यावर सैल होते. टाचेत कळ येते. आणि हे बोट अख्खं सुजलं होतं. बरोबर?"

बीकाजानने नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. बाईचं नाव मुकद्दस, उर्गेंचच्या इस्पितळात सांध्यांची डॉक्टर. रस्त्याच्या कडेला उभं राहूनच तिने सांगितलं की कातडीचं दुखणं वेगळं आणि सांध्यांचं वेगळं असं काही नाही. आजार एकच. शरीराचे पहारेकरी बिथरतात आणि आपल्याच घरावर चालून येतात, कातडीवर सोरायसिस होऊन आणि सांध्यांत संधिवात होऊन. रक्ताच्या तपासणीत तो बरेचदा दिसत नाही.

"आणि मीठ?"

"मीठ खा की."

"आणि हे दुसऱ्याला लागतं?"

"नाही. एका ताटात जेवा, पोरांना कुशीत घ्या. नाही लागत."

कुणालाही वाटेल की बीकाजानला हायसं वाटलं असेल. तिला संताप आला. घरी येऊन तिने शोरव्यात मूठभर मीठ टाकलं, तो खारटढोण शोरवा अर्धा प्यायली आणि ढसाढसा रडली. मतरसूल उरलेला निमूट प्यायला.

औषध सुरू झालं. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या. गोळी घेतली की दीड दिवस पोट ढवळायचं, तोंडाला चव नसायची. काही आठवडे काढून तिने स्वतःच्या मनाने गोळ्या बंद केल्या आणि इस्पितळात जाऊन तसं ताठ सांगितलंही.

डॉक्टर मुकद्दसही काही कमी नव्हती. "वाळूत पुरून घेतलंत, सापाची चरबी लावलीत, वर्षभर अळणी खाल्लंत. तेव्हा नाही बंद केलंत? माझ्याच गोळ्यांवर तुमचा सगळा बाणा?"

"सापाने ओकारी नव्हती येत!"

"मग ओकारीचं सांगा ना मला. मी ती कमी करते. गोळ्या मात्र तुमच्या मर्जीने थांबायच्या नाहीत."

बीकाजानने हात पुढे केला आणि चिठ्ठी घेतली. जोडीला दुसरी एक गोळी आली, ओकारी ओसरली, आणि हिवाळा सरता सरता टाच जमिनीवर निवांत टेकू लागली. चट्टे फिके पडले. ब्लाऊजची बटणं ती स्वतः लावू लागली. मतरसूल सवयीने हात पुढे करायचा आणि ती त्यावर चापट मारायची.

पुढच्या तपासणीला मुकद्दसने एकेक सांधा दाबून बघितला, रक्ताचे आकडे पाहिले आणि खुशीत म्हणाली, "छान निकाल आहे, आपा. फार छान."

"कुणाचा?"

"म्हणजे?"

"सूज उतरली, मान्य. रक्त तुम्हाला आवडलं, तेही मान्य. पण मी लाझगी वाजवू शकत नाही. मग मी बरी झाले असं कसं म्हणू?"

"या वयात, इतक्या उशिरा आलेल्या माणसाला..."

"उशीर मी केला? मीठ साचलंय म्हणून सांगणारे तुमचेच भाऊबंद होते ना?"

मुकद्दसने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "होते," ती म्हणाली. "वाजवता येत नाही म्हणजे नेमकं काय होतं?"

"सांगून कळायचं नाही."

पुढच्या खेपेला बीकाजान गारमोन घेऊन गेली. पहारेकरी आत सोडेना. "आजारी माणसं आहेत आत," तो म्हणाला. "मी काय नवरी दिसते तुला?" असं म्हणत ती आत शिरली. मुकद्दसच्या खोलीत खुर्चीवर बसून तिने भाता ओढला. संथ भाग नीट गेला. लय चढली तशी मधली बोटं मागे पडू लागली, मनगट आखडलं, आणि अनामिका तर पट्टीवर पोचतच नव्हती. सूर फाटले. दाराशी काठ्या टेकत चारसहा रुग्ण येऊन उभे राहिले होते. बीकाजान थांबली. कपाळावर घाम होता.

मुकद्दसने तिचा हात हातात घेतला. हाताचा एक्स-रे फोटो काढायला पाठवलं आणि तो आल्यावर सरळ सांगितलं, "या अनामिकेचा टोकाचा सांधा जुळून गेलाय. तो आता जगातल्या कुठल्याही औषधाने सुटणार नाही. खोटं बोलणार नाही मी. पण बाकीची बोटं आणि मनगट यांच्यात अजून आग आहे. ती विझवता येते. सूज उतरली म्हणून मी तिथेच थांबणार होते. आता नाही थांबत."

नवं औषध इंजेक्शनचं होतं. आधी छातीचा फोटो, क्षयाची तपासणी, मग सरकारी कोट्यात नंबर लागेपर्यंत वाट. मुकद्दसने दोनदा वरच्या साहेबांशी भांडण केलं. दुसऱ्यांदा बीकाजान सोबत होती. तिथे काय बोलणं झालं ते दोघी सांगत नाहीत, पण इंजेक्शन आलं.

ते लागू पडायला वसंत आणि अर्धा उन्हाळा गेला. गुडघे स्वच्छ झाले. कोपरावर बोटभर चट्टा राहिला तो राहिलाच. थकवा पूर्ण गेला नाही, दुपारी तिला आडवं व्हावंच लागायचं. पण मनगट सुटलं, मधली बोटं धावू लागली. अनामिकेसाठी मात्र तिने सगळ्या चाली नव्याने बसवल्या. जो सूर तिचा, तो करंगळी वाकवून घ्यायचा. जिथे करंगळी पोचत नाही तिथे सूर सोडायचा आणि भात्याला झटका द्यायचा. मतरसूल पंपावरून आला की उंबऱ्यात बसून ऐकायचा. एकदा म्हणाला, "लाझगी आता जरा रांगडी वाटते."

"बिघडली म्हण की."

"नाही. रांगडी म्हटलं मी."

आमंत्रण मात्र कुणाचंच येईना. शेवटी अनाबीबीच्या मुलाचं लग्न निघालं. तिच्या नणंदेने बजावलं, "ती आली तर आम्ही येणार नाही."

"नका येऊ," अनाबीबी म्हणाली. "पुलाव उरेल. मी दोन दिवस खाईन."

काही जणी खरंच आल्या नाहीत. दस्तरखानाच्या एका कडेला गाद्या रिकाम्या होत्या. बीकाजान आखूड बाह्यांनी बसली आणि नव्या सुनेचा पडदा तिने स्वतः उचलला. सून कॉलेजात शिकलेली, धीट. तिने बीकाजानचा हात धरून कपाळाला लावला. मग लाझगी सुरू झाली. जलद भागात भात्याचा तो झटका आला तशी नाचणाऱ्या पोरी एकदम ओरडल्या आणि त्या झटक्यावर खांदे उडवू लागल्या. आधी कधी नाचल्या नव्हत्या तशा नाचल्या.

पुढे काही घरं परतली. काही कधीच परतली नाहीत. सलामतने आजवर तिला बोलावलेलं नाही, आणि बीकाजानही तिच्या दारावरून गाणं म्हणतच जाते. पण गावातल्या बायका एकेकट्या येऊन, दार लोटून, बाही वर करून दाखवू लागल्या. कुणाचं कोपर, कुणाचं डोकं, कुणाच्या पोराची टाच. बीकाजान प्रत्येकीला आधी झापायची, "दार उघड ते, चोरी केलीस का?" आणि मग उर्गेंचला मुकद्दसकडे पाठवायची.

आता तिच्याकडे चार जणी गारमोन शिकायला येतात. त्यांच्यातली एक परवा अनामिका वाकडी वर धरून वाजवत होती, हुबेहूब गुरूसारखी. सगळ्यांना ती मोठी नजाकत वाटते. बीकाजानने तिचा भाता दाबून धरला.

"तुझं बोट चांगलं आहे ना गं?"

"हो, आपा."

"मग वाजव की त्याने, बये! माझं काय, मला इलाज नव्हता!"