भूकंपचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं

सोलापूरपासून खाली दुधनीच्या शिवेपर्यंत डीजे भूकंप हे नाव ज्याच्या कानावर आदळलं नाही, तो माणूस एक तर ठार बहिरा असायचा, नाहीतर कालपरवा बदलून आलेला साहेब. मिरवणुकीत ट्रकवर स्पीकरची भिंत उभी असायची आणि तिच्या आडोशाला टोपी डोळ्यांवर ओढलेला, नाकातोंडाला रुमाल बांधलेला एक किडकिडीत माणूस बटणं फिरवत असायचा. लोक म्हणायचे, धुळीमुळं बांधतो. धुळीचा काही संबंध नव्हता. शुक्रवार पेठेत राहणाऱ्या रेवणसिद्ध विरुपाक्ष हत्तुरे या चौतीस वर्षांच्या गड्याची खात्रीच होती, की तोंड ओळखीचं झालं की माणूस जवळ येतो, आणि जवळ आला की जाताना काहीतरी उचलून नेतो.

ही खात्री त्याला फुकट मिळालेली नव्हती. रेवण मूळचा मैंदर्गीचा. वडलांच्या किराणा दुकानात त्याचं मन लागेना, म्हणून तो बेंजो पार्टीत शिरला. पार्टीत पॅड वाजवता वाजवता कॉम्प्युटरवर गाणी जोडायला शिकला. अकरा वर्षांमागं त्यानं पहिलं रीमिक्स केलं. हलगीच्या ठेक्याखाली हिप-हॉपचा जाड बेस घातला. असलं काही त्या तालुक्यात कुणी ऐकलंच नव्हतं. मोठ्या हौसेनं त्यानं ते पेनड्राइव्हवर घालून दुधनीच्या धनाजीला दिलं. धनाजीचा साऊंड सगळ्यात मोठा. त्या साली गणपतीत अक्कलकोट तालुक्यात ते रीमिक्स कुठं वाजलं नाही? पण दर पाऊण मिनिटाला मधूनच एक घोगरा आवाज ओरडायचा, 'धनाजी साऊंड, दुधनी!'

रेवण जाब विचारायला गेला. धनाजी सुपारी कातरत बसला होता.

"तुजं हाय म्हंतोस? बरं. तुजं नाव कुटं हाय त्यात? दाखव की."

नाव कुठंच नव्हतं. रेवण तोंड पाडून घरी आला आणि त्याच दुपारी त्यानं धाकट्या बहिणीला, सिद्धेश्वरीला, मोबाइलपुढं उभं केलं. ती तेव्हा नववीत होती, सर्दीनं नाक गळत होतं. तसल्याच आवाजात तिनं ठणकावलं, "भूकंप आला, सरका की!"

त्या दिवसापासून रेवणच्या हातून बाहेर पडलेल्या एकाही गाण्यात सिद्धेश्वरीची ती ललकारी नाही असं झालं नाही. या धंद्यात तिला टॅग म्हणतात. शेतकरी बांधावर दगड रोवतो, तसा डीजे गाण्यात टॅग रोवतो. बाकीचे एका गाण्यात दोन-तीनदा रोवत, रेवण आठदा. पुढं धंदा वाढला, आईला घेऊन तो सोलापूरला आला, पण स्वभाव काही सैल झाला नाही. लग्नात कुणी मोबाइल धरून गाणं भरून घेताना दिसला की हा मध्येच गाणं बदलायचा. बॅनरवर भूकंपचं नाव हातभर मोठं, पण फोटो नाही. स्वतःचा नंबर टाकायला जीव होईना, म्हणून गुरुशांतचा टाकलेला.

गुरुशांत हा बेंजो पार्टीपासूनचा दोस्त. दुधनीच्या मार्केट यार्डात मापाडी. दिवसभर तुरीची पोती काट्यावर घ्यायची आणि सांजेला त्याच तोंडानं अर्ध्या मराठीत, अर्ध्या कन्नडात रॅप म्हणायचं. त्याच्या रॅपला रेवणच्या बीट्स. त्या दोघांची पाच-सहा गाणी मोबाइलवर बऱ्यापैकी फिरली होती. अख्ख्या मुलखात रेवणचा ज्याच्यावर थोडा तरी विश्वास होता असा हा एकटा गडी. तरीपण थोडाच.

लॉकडाऊनमध्ये मिरवणुका बंद पडल्या. ट्रक शेडमध्ये उभा, स्पीकरवर पाली. रेवण कानाला हेडफोन लावून बसायचा, तेव्हा त्याला हाउस म्युझिक सापडलं. एकसारखा चाललेला ठोका, त्यात ना घाई ना दणदणाट, हळूहळू चढत जाणारी वीण. भिंती हादरवायची त्याला सवय, पण हे ऐकताना त्याला वाटलं, इथं माणूस आतल्या आत हलतो. चार वर्षं तो ते लपूनछपून शिकला. आणि मग गेल्या वर्षी त्यानं 'लाभ' केलं.

जुने मापाडी धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. गुरुशांतचा बाप तसं मोजायचा आणि गुरुशांतला ती चाल पाठ. लाभ, दोन, तीन, चार. रेवणनं त्याच्याकडून तेवढंच म्हणवून घेतलं आणि हाउसच्या चार ठोक्यांवर बसवलं. सात मिनिटांचं गाणं. ऐकून गुरुशांतनं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि मग म्हणाला, "माजा बाप असता तर नाचला नसता, पण उठून बसला असता."

त्यानंच मोबाइलवर पंधरा सेकंदांचा तुकडा टाकला. रेवणनं शिव्या घालून तो काढायला लावला, पण तेवढ्यात पुण्याच्या एका लहानशा म्युझिक कंपनीतल्या उत्कर्षा नावाच्या बाईंनी तो ऐकला होता. त्यांनी गुरुशांतला गाठलं, गुरुशांतनं रेवणला जोडून दिलं. आणि रेवणच्या डोक्यात किडा वळवळला. आधी त्याला का गाठलं? दोघं काय बोलले असतील?

"तुम्ही आधी कुठं वाजवता का? मिरवणुका वगैरे?" बाईंनी फोनवर विचारलं.

"छे छे, न्हाई मॅडम," रेवण पटकन बोलून गेला. ट्रकवरचा माणूस म्हटलं की पुण्याची बाई नाक मुरडणार, हे त्यानं आपलं आपणच ठरवलेलं.

"मस्तच. मग मला स्वच्छ फाइल पाठवा. कुठलाही टॅग नको. आमच्याकडून जगभर जाणार आहे ते."

फोन ठेवला तर आई, सावित्रम्मा, दारात उभी. "यारप्पा अवळू?" तिनं विचारलं. कोण ती?

"पुण्याच्या मॅडम हायत. कामाचं हाय."

"कामाचं हाय तर घाम का फुटला?"

घाम खराच फुटला होता. बिनटॅगची फाइल म्हणजे भर बाजारात उघडा माणूस. उद्या त्यांनी दुसऱ्याच्या नावानं काढली तर? करार होता, पण तोही त्यांनीच लिहिलेला. बरं, न पाठवावी तर असं दार पुन्हा उघडणार नाही, हेही त्याला कळत होतं. सोलापूरच्या एका माणसाचं हाउस गाणं जगभर जायचं, ही गोष्ट त्यानं स्वप्नातसुद्धा दबकतच पाहिलेली. आठ दिवस तो येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी त्यानं एक युक्ती काढली. गाण्याच्या मधोमध, जिथं बेस सगळ्यात जाड होता, त्याच्या बुडाशी त्यानं सिद्धेश्वरीची ललकारी पुरून ठेवली. इतकी बारीक, की त्याच्या स्वतःच्या कानालाही लागेना. पुढं कुणी चोरी केलीच, तर उकरून दाखवता येईल. हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही. गुरुशांतलाही नाही.

आता, गाणं बाहेर पडायच्या आधी कंपनीकडचा एक जाणकार माणूस त्याचे सगळे आवाज एका पातळीवर आणून वर उचलतो. मोठे दाबले जातात, आणि बारीक असतात तेही वर येतात. रेवणनं आयुष्यभर हे काम स्वतःच केलेलं आणि त्याची रीत एकच, आवाजाचा काटा लाल रेघेत जाईपर्यंत सगळं वर. दुसऱ्याच्या हाताखाली आपलं पुरलेलं वर येईल, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

फाइल पाठवल्यावर पाचव्या दिवशी सकाळी अकराला फोन आला. बाईंचा आवाज थंड होता.

"रेवणसिद्ध, गाण्यात साडेतीन मिनिटांवर एक मुलगी बोलतेय. 'भूकंप आला, सरका की.' हा भूकंप कोण?"

रेवणनं उठून दार लोटून घेतलं.

"मी शोधलं," त्या म्हणाल्या. "डीजे भूकंप, सोलापूर. मिरवणुकांचे शेकड्यानं व्हिडिओ आहेत. तुम्ही तर म्हणालात, मिरवणुका वाजवत नाही. भूकंपच्या बॅनरवर नंबर कुणाचा आहे माहितीय? गुरुशांतचा. गाण्यात आवाज गुरुशांतचा, टॅग भूकंपचा, नंबर गुरुशांतचा. यात तुमचं काय आहे, तेवढं सांगा."

"मॅडम, भूकंप म्हंजी... मीच की."

"एखादा फोटो?"

एकही नव्हता. अकरा वर्षांत एक म्हणून नव्हता.

"गुरुशांत आत्ता फोन घेत नाहीये. मी त्याला चार वाजता पुन्हा करणार. तो सांगेल ते खरं. दुसऱ्याचं गाणं आम्ही काढत नाही."

रेवणनं गुरुशांतला नऊ वेळा फोन लावला. एकदाही उचलला नाही. झालं, तिकडं बोलणी चालली असणार! लॅपटॉप पाठीला मारून त्यानं मोटारसायकल काढली. रस्ताभर त्याच्या डोक्यात एकच. गुरुशांतनं नुसतं 'व्हय, मीच' म्हणायचा अवकाश. आवाज त्याचा, नंबर त्याचा. आपण आपल्या हातानं सगळं त्याच्या पदरात बांधून ठेवलंय. चहाला तो मागं एकदा म्हणाला होता, "गाण्यातलं लोकास्नी माजंच आठवतंय बघ." तेव्हा हसण्यावारी नेलं. आता ते हसणंही वेगळंच वाटायला लागलं. अक्कलकोट मागं पडलं. मैंदर्गीत बहिणीचं सासर रस्त्यावरच, तिथंही तो थांबला नाही.

यार्डात तुरीचा धुरळा उडत होता. गुरुशांत काट्यापाशी, गळ्यात रुमाल, पापण्या पांढऱ्या.

"काय ओ भूकंप? दिवसाउजेडी आमच्याकडं? आन् तोंड उघडं?"

"फोन का उचलंना झालायस?"

"मापावर फोन घेतला तर अडत्या माजंच माप काढील. का?"

"पुण्याचा आला व्हता?"

"चार-पाच आल्यात. घेतला न्हाय. काय झालंय सांगशील का नुसता नाकपुड्या फुगवशील?"

रेवणनं सांगितलं. सांगताना तो गुरुशांतच्या डोळ्यांकडं टक लावून बघत होता, कुठं काही चमकतंय का. गुरुशांतनं रुमालानं तोंड पुसलं.

"टॅग पुरल्याला मला का न्हाय सांगितलंस?"

"कुणालाच न्हाय सांगितलं रे."

"मी कुणातच मोडतो व्हय?"

"मॅडम चारला फोन करणार हायत," तो म्हणाला. "तू त्येंना सांग..."

"काय सांगायचं ती मला शिकवू नगंस," गुरुशांत म्हणाला आणि पुढचं पोतं काट्यावर घेतलं.

चारला फोन वाजला. गुरुशांतनं तो स्पीकरवर टाकून पोत्यांच्या थप्पीवर ठेवला. आजूबाजूचे दोन हमालही कान देऊन उभे राहिले.

"गुरुशांत, मला खरं सांग. भूकंप कोण आहे? आणि हे गाणं कुणी बनवलं?"

गुरुशांत बोलेना. त्यानं रेवणकडं पाहिलं. मग फोनकडं. मग परत रेवणकडं. रेवणच्या छातीत ठोका पडला, आणखी एक पडला. त्याला वाटलं, गेलं. सात मिनिटांचं गाणं, चार वर्षं, सगळं या एका माणसाच्या जिभेवर, आणि तो जीभ आत धरून बसलाय.

"मॅडम," गुरुशांत म्हणाला, "भूकंप माज्याम्होरं उभा हाय. तुमाला दिसत न्हाय म्हणून, न्हायतर त्येच्या तोंडावरचा रंग बघून तुमी असं इचारलंच नसतं. आकडं माजं, बाकी समदं त्येचं. त्यो चोर न्हाय. त्येला समदी दुनिया चोर वाटतीया, यवढाच त्येचा रोग."

हमाल खदखदून हसले. पलीकडं बाईही हसल्यासारख्या वाटल्या, पण लगेच म्हणाल्या, "ठीक आहे. तरी मला समोर बघायचंय. लॅपटॉप असेल तर व्हिडिओवर उघडून दाखवा. एकेक थर. आणि स्वच्छ फाइल आत्ताच्या आत्ता."

पोत्यावर लॅपटॉप उघडला गेला. पासवर्ड टाकताना रेवणनं कोपर आडवं धरलं, पण पोतं कलतं होतं, लॅपटॉप घसरायला लागला आणि गुरुशांतनंच तो दोन्ही हातांनी धरला. रेवणचं बोट कुठल्या अक्षरावर पडतंय, ते त्याच्या नाकासमोरच होतं. रेवणनं थरामागून थर उघडून दाखवले. ठोका, बेस, हलगीचा तुकडा, गुरुशांतचे आकडे, आणि सगळ्यात खाली शेंबडी सिद्धेश्वरी. तिला बाईंच्या देखत पुसलं. फाइल गेली. बाईंनी ऐकली आणि नाव कसं घालायचं विचारलं.

"रेवण," रेवण म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "आवाजात गुरुशांत घाला. त्येचं नाव बी माज्यायवढंच मोटं."

"छान. पंधरा तारखेला येईल गाणं." फोन बंद झाला.

हमालांनी टाळ्या पिटल्या. गुरुशांतनं चहा सांगितला. दोघं थप्पीला टेकून चहा प्यायले. रेवणला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, अर्धा कप संपेपर्यंत.

"एक इचारू?"

"इचार की."

"मॅडमनी इचारल्यावर तू गप का बसलास?"

"किती गप बसलो?"

"सहा ठोकं," रेवण म्हणाला. "मिनिटाला एकशेवीसच्या चालीत. तीन सेकंद."

गुरुशांतनं कप खाली ठेवला.

"धा बसायला पायजे व्हतं," तो म्हणाला. रुमाल झटकून गळ्यात अडकवला आणि काट्याकडं निघून गेला.

रेवण तिथंच उभा राहिला. धा का म्हणाला असंल? मग त्यानं चौफेर नजर टाकली, लॅपटॉप पोत्यावर पुन्हा उघडला आणि मोटारसायकलला किक मारायच्या आधी पासवर्ड बदलला.