चार बोटं मागे

नवरा निवृत्त झाला आणि सहा महिन्यांत त्याने गोल्फ धरला. मी पोट धरधरून हसले. विटी-दांडूत ज्याचा जन्मात कधी नेम लागला नाही, तो माणूस आता एका हातात मोजा चढवून काठी फिरवणार! "हस, हस," तो म्हणाला, "पण तू ती पोस्ट घे. मी माझा रमतो."

ती पोस्ट म्हणजे क्वालिटी हेडची. इथे तमिळ मुलखात, शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात आहे. घराजवळच्या एग्मोरहून सकाळी सहाची कंपनीची बस पकडायची, परत यायला साडेसहा. हेड झाले की घरी पोहोचायला नऊ ठरलेलेच, शिवाय महिन्यातून आठवडाभर बाहेरगावी. काही वर्षांपूर्वी हीच पोस्ट चालून आली होती. तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून मी नाही म्हटलं. आता घरात आम्ही दोघंच. महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं आणि माझा प्रश्न एवढाच होता, हा मागे एकटा नीट राहील ना? तर त्याला हा गोल्फ सापडला. म्हटलं, चला, सुटलो.

एका रविवारी मी मुद्दाम बघायला गेले. सरावाच्या मैदानावर शिकवणारे गृहस्थ तंजावरकडच्या मराठी घराण्यातले निघाले. त्यांची मराठी जुन्या वळणाची, हेल सगळा तमिळ. मला बघताक्षणी "या, अक्का" म्हणून त्यांनी खुर्ची दिली आणि आपणहून सगळं समजावलं. काठी चेंडूला लागून पुढे जमिनीला घासते, गवताची खपली उडते आणि तिथे उघडी माती दिसते. त्या खड्ड्याला डिव्हट म्हणायचं. चेंडू चुन्याच्या रेघेवर मांडायचा. डिव्हट रेघेच्या पुढे सुरू झाला तर फटका चांगला, मागे झाला तर काठी चेंडूआधीच जमिनीत रुतली.

मला तर माहेरी आल्यासारखं झालं. पर्समध्ये स्टीलची पट्टी असतेच माझ्या. पण आमचे महाराज एक फटका मारायचे आणि लगेच बाटलीतली वाळू ओतून खड्डा बुजवून टाकायचे. तशी रीतच आहे म्हणे तिथली. "अरे, थांब की जरा! मला मोजू दे," मी ओरडले.

"बायको आहेस की इन्स्पेक्टर?"

"दोन्ही. सरक बाजूला."

दहा डिव्हट मोजले. दहाच्या दहा रेघेच्या चार बोटं मागे! एक इकडे नाही की तिकडे नाही. कारखान्यातलं मशीन असतं तर मी ऑपरेटरला स्वतःच्या हाताने चहा दिला असता. कारण चुका वाटेल तशा विखुरल्या तर मशीन खिळखिळं झालेलं असतं. पण तीच चूक तेवढीच होत असेल, तर मशीन ठणठणीत आहे, फक्त सेटिंग हललंय. मी नवऱ्याची पाठ थोपटली. "फटका एकदम पक्का आहे तुझा. पुढच्या वेळी चेंडू चार बोटं मागे ठेव, काम झालं." तोही असा खूश झाला की येताना अर्धा किलो मैसूरपाक घेतला.

इतकी वर्षं माणसांत राहून मी माणसाला मशीन समजले. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

पुढच्या रविवारी चेंडू चार बोटं मागे मांडला. याने फटके मारले. डिव्हट चेंडूच्या मागे पाच बोटं! मी पट्टी उलटी धरली की काय म्हणून पुन्हा मोजलं. पाचच. आणखी सरकवला, तर सहा. "अरे, तू पळतोस कुठे मागे मागे?" मी वैतागून म्हटलं. तो घाम पुसत म्हणाला, "जमीन वाकडी आहे." तेवढ्यात ते गुरुजी आले. त्यांनी माझ्या पट्टीकडे पाहिलं, हसू दाबलं आणि चेंडूकडे ढुंकूनही न बघता बुटांचे ठसे बघितले. गवतावर नुकतंच पाणी मारलेलं होतं. उजव्या बुटाचा ठसा चांगला खोल, पीळ पडलेला. डाव्याचा जेमतेम.

"अक्का," ते म्हणाले, "मारताना सगळा भार डाव्या पायावर यावा लागतो. ह्यांचा येतच नाही. म्हणून काठी मागे पडते. रोज, न चुकता. चेंडू मागे घेतला की भार आणखीच उजव्या पायावर जातो." मग नवऱ्याला म्हणाले, "सार, एकट्या डाव्या पायावर उभे राहा बघू."

"कशाला उगीच?" नवरा म्हणाला.

"राहा," मी म्हटलं.

तो राहिला. दोन सेकंद. मग गुडघा लटपटला आणि त्याने काठी जमिनीला टेकून तोल सावरला.

बाकावर बसवून विचारलं, "कधीपासून?"

"आहे थोडं."

"कधीपासून?"

"पोंगलपासून."

"चार महिने! आणि दुसऱ्या मजल्यावरून रोज उड्या मारत खाली येतो म्हणतोस, ते?"

"तू बसला गेल्यावर येतो. कठडा धरून."

मी इतकी भडकले की काही विचारू नका. बावळट, ढोंगी, जे तोंडाला येईल ते बोलले. मग तो म्हणाला, "कळलं असतं तर तू परत नाही म्हणाली असतीस." म्हणाले असते. एका मिनिटात म्हणाले असते.

"आईच्या वेळी तू नाही म्हणालीस आणि मी गप्प बसलो," तो म्हणाला. "मला सोयीचं होतं ना ते. तेव्हापासून खातंय मला."

मला वाटायचं, ते याच्या लक्षातसुद्धा आलं नाही. त्याचा राग मी इतकी वर्षं मनात जपला होता, भाजीत मीठ जास्त पडलं तरी आतल्या आत उकरून काढत होते. आणि हा माणूस दुखऱ्या पायाने काठी फिरवत होता, मला हो म्हणता यावं म्हणून. मला रडूच फुटलं. गुरुजी बिचारे तोंड फिरवून आमचे खड्डे बुजवत बसले.

सोमवारी मी साहेबांना हो म्हटलं आणि त्याच दमात दुसऱ्या दिवसाची रजा मागितली. ते हसले, पण दिली. दवाखान्यात नर्सने केसपेपर भरताना विचारलं, सोबत कोण आलंय? सरळ बायको म्हणायचं की नाही! हा ताठ बसून म्हणाला, "क्वालिटी हेड."