आधी आंघोळ

हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करणाऱ्या बाया तिला भागूबाई म्हणत. भित्री म्हणून भागूबाई. सुपरवायझर दारातून नुसता खाकरला तरी हिच्या हातातली इस्त्री थांबायची. मग बाया खिदळायच्या, "अगं, घसा बसलाय त्याचा, तुझं नाव नाही घेतलं!" तीही हसायची, आणि चादरीची कड पुन्हा एकदा तपासायची.

भिण्याला तिच्याकडे कारणं होती. पुलापलीकडच्या वस्तीतली माणसं काळी आणि बाकी शहर गोरं, एवढ्या एका गोष्टीपायी तिचा अर्धा जन्म अंग चोरण्यात गेला होता. शाळेत बाईंनी तिला खिडकीपाशी बसवलं होतं, का, तर म्हणे वास येतो. वास कसला, डोंबलाचा! तिची आई पोरींना घासूनपुसून लख्ख केल्याशिवाय उंबऱ्याबाहेर सोडत नसे. "त्यांच्यापुढे जायचं तर बोट ठेवायला जागा नको," असं आई बजावायची. तेव्हापासून बँक असो नाहीतर पोलीस चौकी, आधी आंघोळ, मग धुतलेले कपडे, आणि तिथे गेल्यावर रडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. आईने घालून दिलेला हा नियम तिने कधी मोडला नव्हता.

त्या सकाळी तिची भाची दारात येऊन उभी राहिली. बेकरीत कामाला जाणारी, तोंडाची टकळी कधी बंद न होणारी पोर, पण एक शब्द न बोलता भिंतीला टेकून खाली बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मावशी, मालकाच्या भावाने..." आणि पुढे तिला बोलवेना. बोलायची गरजही नव्हती. मावशी भ्यायली. तरी पोरीला दवाखान्यात न्यायचं एवढं तिला सुचलं.

आणि दवाखान्यात न्यायचं म्हणून तिने पाणी तापवलं. पोरीला न्हाऊ घातलं, पाठ चोळली, नखांतला मळ काढला. अंगावरून उतरवलेले कपडे खसाखसा धुऊन दोरीवर टाकले आणि स्वतःचे ठेवणीतले कपडे तिला घातले. "तिथे रडू नकोस हं," असंही बजावलं. माया होती हो ती, दुसरं काही नव्हतं.

दवाखान्यात नर्सने पहिलाच प्रश्न केला, "आंघोळ केली आहे का?"

"हो, मी स्वतः घातली. अगदी स्वच्छ," मावशी म्हणाली. तिला वाटलं, चला, सुरुवात तरी चांगली झाली.

"आणि कपडे?"

"धुतले."

नर्सचं पेन थांबलं. "अहो बाई, अंगावर आणि कपड्यांवरच तर पुरावा असतो. तो तुम्ही धुऊन टाकलात."

 ज्या मोरीत मावशीने पोरीला मायेने न्हाऊ घातलं, त्याच मोरीतून त्या नराधमाची खूण वाहून गेली होती. आता आपल्यालाच धरतील का? पोर खोटं बोलते म्हणतील का? भीतीने तिला दरदरून घाम फुटला, आणि घामाचा वास येईल या भीतीने आणखी फुटला.

तपासणीच्या खोलीत मधोमध पडदा होता. त्यांच्या मागोमाग एक गोरी बाई आपल्या मुलीला घेऊन आली होती, ती पडद्यापलीकडे. दोघी रडत होत्या. इकडे तरुण डॉक्टर बाईंनी ट्यूबलाइटच्या उजेडात पोरीचे हात वरखाली केले.

"मार तर कुठे दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आंघोळ झालेली. आणि ही तर रडतही नाही. गोळ्या लिहून देते, घरी घेऊन जा." पुराव्यासाठी नमुने घ्यायची सीलबंद पेटी त्यांनी टेबलाच्या कडेला सारली.

भाची छताकडे बघत पडून होती. रडू नको म्हटलं होतं, म्हणून रडत नव्हती.

तेवढ्यात पडद्यापलीकडून दुसऱ्या नर्सचा आवाज आला. "आंघोळ झाली तर झाली हो. सगळ्याच करतात, मनाला लावून घेऊ नका. तरी नमुने घेऊ आपण." पाठोपाठ पेटीचं सील टरकन फाटलं.

मावशीने ते ऐकलं. गोऱ्या पोरीचा तिला राग आला नाही. तिच्यावरही तोच घाला पडला होता. पण बोलावं कसं? तिचा भाऊ एकदा याच दवाखान्यात खिडकीपाशी जरा मोठ्याने बोलला, तर रखवालदारांनी त्याला बखोटीला धरून फाटकाबाहेर काढलं होतं. ती गप्प राहिली तर पोर गोळ्या घेऊन घरी जाणार होती, आणि मालकाचा भाऊ उद्या बेकरीत शीळ घालत फिरणार होता. भीत भीत का होईना, ती बोलली.

"डॉक्टर, आमच्याही पोरीचे नमुने घ्या."

"काय म्हणालात?"

"पलीकडे घेताहेत. त्यांचीही आंघोळ झालीय."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "मग तुम्ही आधी न्हाऊ घातलंतच कशाला? असं काही झाल्यावर कुणी पाणी तापवत बसतं का?"

"तुमच्याकडे यायचं होतं म्हणून घातलं," मावशी म्हणाली.

 मग डॉक्टरांनी पेटी जवळ ओढली. दिवा खाली घेतला आणि या वेळी नुसतं बघितलं नाही, बोटांनी चाचपलं. काळ्या कातडीवर वळ दिसत नव्हता, पण दंडाला हात लागताच पोर कळवळली. तिथे सूज होती. मांडीवरही होती. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं, नमुने घेतले. "काही सापडेलच असं नाही," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. मावशीने मान हलवली. पोरीने तिचा हात असा धरला होता की बोटं बधिर झाली.

निघताना नर्स दारापर्यंत आली. "धुतलेले कपडे आहेत तसे कागदी पिशवीत घालून आणून द्या. आणि बाई, तुमच्या वस्तीत सांगून ठेवा. अशी वेळ कुणावर आली, तर आंघोळ न घालता, आहेत त्याच कपड्यांत इकडे आणा."

मावशीने मान डोलावली. तिच्या डोळ्यांपुढे पुलापलीकडची घरं आली, आणि घराघरांत तापत ठेवलेलं पाणी. तिला पुन्हा भीती वाटली, सकाळपासून वाटली नव्हती इतकी.

"तशी आणली," तिने विचारलं, "तर आत घ्याल ना?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.  मावशी भाचीचा हात धरून उत्तराची वाट बघत उभी राहिली.