शुक्रवारी थांबवलेला सिनेमा

नाशिकच्या आमच्या चर्चमध्ये येशूचा सिनेमा दोन तुकड्यांत दाखवतात. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, उपासनेनंतर लावायचा आणि कबरेच्या तोंडावर धोंड बसली की बंद. पुनरुत्थान थेट ईस्टरच्या रविवारी सकाळी. हा नियम माझ्या पप्पांचा. ते सातपूरच्या कारखान्यात फिटर होते, पण चर्चच्या प्रोजेक्टरला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. लहानपणी मी "पुढचं दाखवा ना" म्हणून भोकाड पसरलं, तर म्हणाले, "शिष्यांना तरी कुठे माहीत होतं पुढचं? थांब त्यांच्यासारखी."

मला ते इतकं पटलं की पुढे मी त्यांच्याहून कडक झाले. सिनेमा एकदमच लावू, असं चर्चचे पाळक एकदा म्हणाले, तेव्हा मीच त्यांच्याशी भांडले.

गेल्या वर्षी पप्पा कॅन्सरने अंथरुणाला खिळले होते. शुक्रवारी दुपारी पलंगाजवळ लॅपटॉपवर मी तोच सिनेमा लावला. वधस्तंभावरचा येशू, देवाने आपल्याला का सोडलं, असं विचारतो, तिथे त्यांनी डोळे मिटले. धोंड बसली. मी बंद केला.

"पुढचं लाव गं."

"नियम तुमचाच आहे, पप्पा. रविवारी."

"थोडंसंच. मला ते खरं वाटेनासं झालंय. बघितलं तर वाटेल."

जन्मभर मंडळीला धीर देणारा माणूस हे बोलत होता आणि मी घाबरले. मला ते ऐकायचंच नव्हतं. म्हणून हसण्यावारी नेलं. "थांबा की शिष्यांसारखे," म्हटलं आणि लॅपटॉप मिटला. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

शनिवारी सकाळी ते गेले.

लोक म्हणतात, ते आता प्रभूजवळ आहेत, त्यांना सिनेमा कशाला हवा. असेलही. पण त्यांनी शेवटची पाहिली ती बंद कबर, आणि मी हट्टाने तिथेच थांबवलं. ते मनातून जात नाही.

यंदा प्रोजेक्टर माझ्याकडे होता. धोंड बसली तसे लोक पिशव्या उचलून उठू लागले. मी सिनेमा चालूच ठेवला.

"अगं, आज नाही, परवा!" मागून एक आजी ओरडल्या.

"परवापर्यंत सगळ्यांनाच थांबता येतं असं नाही, आजी."

त्या पिशवी मांडीवर घेऊन पुन्हा बसल्या. पडद्यावर धोंड सरकली. मला खरं वाटलं का, ते विचारू नका. संपल्यावर मी घड्याळ पाहिलं. पुढचा सगळा भाग जेमतेम आठ मिनिटांचा होता.