घाईत लावलेलं पॉलिश

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप मिशीवर जातो. नोकरीत मोठमोठे गुन्हे उघडकीला आणले, काही वर्तमानपत्रांतही झळकले. पण ज्या तपासाचा मला खरा अभिमान वाटतो तो साध्या रस्ता-अपघाताचा होता, आणि तो सुटला गाडीच्या पॉलिशवरून. कोणाचंही नाव इथे घेत नाही. नावांवाचून काही अडतही नाही.

तेव्हा मी फैजपूरच्या बाजूला, केळीच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. मला स्वतःची गाडी पुसायचा भारी नाद. रविवारी बंदोबस्त नसला की क्वार्टरसमोर बादली, शाम्पू आणि मऊ कापडं घेऊन मी बसलोच. ठाण्यातले लोक माझ्या मागे म्हणायचे, "साहेब एकवेळ आरोपीला सोडतील, गाडीवरच्या डागाला सोडणार नाहीत." मला ते ऐकू यायचं. मी ऐकू न आल्यासारखं करायचो, कारण खोटं काही नव्हतं त्यात.

एका दुपारी केळीच्या बागांमधून जाणाऱ्या रस्त्यावर एका अंगणवाडी सेविकेच्या निळ्या स्कूटीला गाडीने उडवलं. गावातली निम्मी पोरं या बाईंच्या हातचा खाऊ खाऊन मोठी झालेली. बाई रस्त्याकडेला बेशुद्ध पडल्या. आवाज ऐकून बागेतले मजूर बाहेर आले तेव्हा त्यांना एकच दृश्य दिसलं. एक पिकअप उभी आहे आणि तिचा ड्रायव्हर बाईंना उचलतो आहे. ड्रायव्हर शिरपूरकडचा, केळी भरायला आलेला, परका माणूस. झालं! गावकऱ्यांनी त्याला बदडला, पिकअपची काच फोडली. तशाही अवस्थेत त्याने बाईंना दवाखान्यात पोहोचवलं आणि मगच तो ठाण्यात आला.

बाईंची मुलगी कॉलेजात शिकणारी. रडून रडून डोळे सुजले होते, पण आवाज खणखणीत. "साहेब, माझी आई शुद्धीवर येत नाही. यानेच मारलंय तिला. याला सोडू नका."

तिच्या फिर्यादीवरून ड्रायव्हरवर गुन्हा दाखल झाला. स्कूटीवर लालसर किरमिजी रंग घासला गेला होता आणि पिकअपचे फाळके, म्हणजे बाजूच्या फळ्या, तशाच रंगाच्या होत्या. माझ्या फौजदारांना तर तपास तिथेच संपल्यासारखा वाटला. रंगाचे नमुने प्रयोगशाळेत गेले, पण तिकडचा अहवाल यायला महिने लागतात. ड्रायव्हरला जामीन मिळाला, गाडी मात्र ठाण्याच्या आवारात जप्त. हा पठ्ठ्या घरी जाईना. सुजलेला हात गळ्यात बांधून गाडीशेजारी बसून राहायचा. त्याची बायको शिरपूरहून डबा घेऊन आली आणि थेट माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"सायेब, मना मालकनी त्या बाईले उचलीसन दवाखानामा नेयं. धडक मारनारा पळी गया, नि बठ्ठा गाव यालेच गुन्हेगार म्हणस!"

मी ड्रायव्हरला म्हटलं, "अरे, जामीन मिळालाय, घरी जा. इथे बसून काय होणार?"

"गाडी सोडीसन कथा जाऊ, सायेब? घर जाईसन पोरस्ले काय सांगू?"

खोटं बोलणारे मी ढिगाने पाहिलेत. खोटं बोलणारा माणूस ठाण्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब जातो. हा तर हलायलाच तयार नव्हता. उद्या बाई दगावल्या असत्या तर याच्या कपाळावर कायमचा शिक्का बसला असता आणि या पट्ट्यात कोणी त्याला एक घडसुद्धा भरू दिला नसता. मला त्याची कीव आली, स्वतःची चीड आली आणि पळून गेलेल्याची तर फारच आली.

मी पुन्हा स्कूटीजवळ जाऊन खाली बसलो. रंग घासला होता तो गुडघ्याच्याही खाली. पिकअपचे फाळके छातीला लागतात. फौजदार म्हणाले, "साहेब, स्कूटी पडताना लागलं असेल." मी म्हटलं, "पडताना स्कूटी खाली जाते की वर उडी मारते?" धडक ठेंगण्या गाडीची होती आणि ती उजवीकडून पुढे जाताना बसली होती. म्हणजे त्या गाडीची डावी बाजू घासली गेली असणार. गॅरेजवाले, गाड्या धुणारे, रंगकाम करणारे आणि गल्लोगल्लीचे व्हॉट्सअॅप ग्रुप, सगळीकडे निरोप फिरवला. किरमिजी कार, डावी बाजू घासलेली, दिसली तर ठाण्याला कळवा.

बरेच फोन फुकट गेले. मग एका बाईचा फोन आला, तोही दबक्या आवाजात.

"सायेब, नाव इचारू नका. आठे मेहरूणमा एक नाना शेतस. त्यास्नी लाल गाडी रोज आरसासारखी उभी ऱ्हास. पुतन्यानं लगीन व्हयनं तवपाइन तिले झाकी ठेयेल शे."

लग्नापासून गाडी झाकून ठेवलीय, एवढंच सांगून तिने फोन ठेवला. दुसऱ्या कोणाला या खबरीत काही वाटलं नसतं. मला वाटलं, कारण मी त्याच जातीचा नादिष्ट. चमकणारी गाडी लोकांना दाखवायची असते, झाकायची नसते. स्टेशन डायरीत नोंद केली, एका हवालदाराला बरोबर घेतलं आणि माझ्याच खासगी गाडीतून जळगावच्या मेहरूण भागात निघालो. खासगी गाडी मुद्दाम घेतली. आठवडी बाजारात कोणीतरी तिच्या दारावर ओरखडा काढून ठेवला होता.

नाना म्हणजे बांधकाम साहित्याचे व्यापारी, मेहरूणमधलं मानाचं घर. फाटकातून आत जाताना सांगितलं, "नाना, अपघाताच्या तपासात किरमिजी रंगाच्या गाड्या बघत फिरतोय. तुमचीही बघून घेतो." त्यांचा चेहरा जरा ताठरला. मी घाई केली नाही. चहा आला. मी माझ्या गाडीकडे बोट दाखवून म्हटलं, "पण आधी तुमचा सल्ला द्या. गाड्यांचे दर्दी म्हणून तुमचं नाव ऐकलंय. या ओरखड्याला काय लावू? दुकानदार कधी कंपाउंड म्हणतो, कधी वॅक्स, कधी एक ट्यूब पुढे करतो."

माणसाला त्याच्या नादाबद्दल विचारलं की त्याची भीती पळते. नाना उठलेच. दारावर वाकून त्यांनी ओरखड्यावरून नख फिरवलं. "नख अडकत नाही बघा. वरच्यावर आहे." मग तांब्यातलं पाणी ओतलं. ओरखडा दिसेनासा झाला. "पाण्यात लपतो तो पॉलिशने जातो. पाण्यातही दिसत राहिला, तर तो रंगाच्या आत गेला समजा. तिथे घासून उपयोग नाही, तिथे रंगच भरावा लागतो."

"मग मी घेऊ काय?"

"आधी रबिंग कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, पण बारीक. जाड घेतलंत तर एक ओरखडा घालवायला शंभर पाडाल. त्यानंतर पॉलिश आणि सगळ्यात शेवटी वॅक्स. वॅक्सने ओरखडा जात नाही, नुसता झळाळतो, पण लोक तेच आधी लावतात. पत्रा थंड पाहिजे, गाडी सावलीत पाहिजे. आणि कापड जुन्या बनियनचं नको हो, साहेब!"

हवालदार हसला. त्याला माझ्या कापडांचा इतिहास माहीत होता.

"आणि ती ट्यूब? दहा मिनिटांत ओरखडा गायब करणारी?"

नानांनी तोंड वाकडं केलं. "ती घाईवाल्यांसाठी. ओरखड्यात पांढरी भुकटी भरते, वरून तेवढ्यापुरती चमकते. ज्याला गाडी विकून मोकळं व्हायचंय त्याने लावावी. मी तर हातसुद्धा लावणार नाही."

"वा! आता तुमची गाडी दाखवा."

त्यांनी कव्हर अर्ध्यापर्यंतच ओढलं. उजवी बाजू खरोखर देखणी होती, मला हेवा वाटला. डावी बाजू मात्र भिंतीला चिकटवून लावलेली. मी पोट आत घेऊन भिंत आणि गाडी यांच्यामधून सरकलो. पुढच्या मडगार्डापासून दारापर्यंत खालच्या अंगाला धुरकट पट्टा. वर तेलकट चमक, आणि दाराखालच्या काळ्या रबरी पट्टीत पांढरी भुकटी घट्ट बसलेली. मी नख फिरवलं. नख अडकलं.

"नाना, ही तर ट्यूब आहे."

"फाटकाला घासली होती."

"कधी?"

"दिवाळीत."

लग्नसराई सुरू होती, दिवाळी कधीच मागे पडली होती. मी तिथूनच म्हटलं, "जो माणूस माझ्या गाडीवरच्या केसाएवढ्या ओरखड्यासाठी तीन वस्तू सांगतो, त्याने स्वतःच्या गाडीवर दिवाळीपासून ही भुकटी ठेवली? हे मला पटेल असं वाटतं तुम्हाला? तुम्हाला घाई कशाची होती, नाना?"

ते पायरीवर बसले. गार झालेला चहाचा कप नुसताच हातात घेतला. मग स्वतःहून बोलू लागले. फैजपूरला बहिणीला बोलावणं करून परत येताना स्कूटीला गाडी घासली आणि ते थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी भडगावला पुतण्याचं लग्न, आणि नवरदेव त्यांच्याच गाडीतून मिरवणार हे आधीच ठरलेलं. गाडी दिली नाही तर अख्खं गोत विचारणार, आणि तशीच नेली तर ओरखडा बघणार. म्हणून घरी येताच ट्यूब मागवली, भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर घासली, आणि सजावटवाल्याला डाव्या बाजूला फुलांच्या माळा जरा जास्तच सोडायला सांगितल्या.

"लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं, साहेब."

मी म्हटलं, "बाई रस्त्यावर पडली होती तेव्हा हेच डोक्यात होतं?" त्यांनी कप खाली ठेवला.

आता वाचकांना वाटेल, कबुली मिळाली, काम झालं. तसं नसतं. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात टिकत नाही. मला हातात धरता येईल असं काहीतरी हवं होतं. गल्लीतले दोन पंच बोलावले, पंचनामा सुरू केला आणि चिमट्याने रबरी पट्टीतली सुकलेली भुकटी हळूच काढली. त्या पांढऱ्या खपलीत निळ्या रंगाचे कण रुतून बसले होते. स्कूटीचा निळा! नुसता ओरखडा ठेवून गाडी धुतली असती तरी ते कण वाहून गेले असते. लपवायला लावलेल्या लेपाने तेच आमच्यासाठी जपून ठेवले होते. हवालदार पंचांसमोरच "साहेब!" म्हणून ओरडला. मी त्याला रागावायला हवं होतं, पण माझ्याच तोंडावरचं हसू लपत नव्हतं.

खपली सीलबंद झाली, गाडी जप्त झाली, परिवहन खात्याच्या निरीक्षकांनी ओरखड्याची उंची मोजून दिली. ती स्कूटीवरच्या खुणेशी तंतोतंत जुळली. पुढे प्रयोगशाळेनेही तेच सांगितलं. ड्रायव्हरचा या गुन्ह्याशी संबंध नाही असा अहवाल मी न्यायालयात स्वतः नेला आणि पिकअप सोडण्याचा आदेशही स्वतःच घेऊन आलो. आवारात ड्रायव्हरच्या हातात किल्ली दिली तेव्हा त्याने आधी गाडीच्या दारावरची धूळ हाताने पुसली. त्याची बायको मात्र ठाण्यातल्या एकेकाला धरून सांगत होती, "मी म्हनत नव्हतू?" त्या दिवशी ठाणे अंमलदारापासून कोठडीच्या पहाऱ्यावरच्या शिपायापर्यंत सगळे छाती काढून फिरत होते, आणि सगळ्यात पुढे अर्थातच मी.

बाई शुद्धीवर आल्या. घरी सोडायचं ठरलं तेव्हा गावच्या सरपंचांनी आपली गाडी पाठवली. बाईंनी ती परत पाठवली. "मला इथे ज्याने आणलं त्याच्याच गाडीतून मी घरी जाईन," म्हणाल्या. मुलीनेच शिरपूरला फोन लावला. नव्या काचेची पिकअप घेऊन तो माणूस आला. मुलगी त्याच्यासमोर उभी राहिली आणि हात जोडले. "दादा, माझं फार चुकलं."

तो गडबडला. "ताई, तुनी माय व्हती ती. राग तर येईच ना."

बाई पुढे त्याच्या शेजारी बसल्या. मुलगी फाळक्याला धरून मागे उभी राहिली. गावाच्या स्टँडवर जमावातले बरेच चेहरे होते, ज्यांनी त्याच्यावर हात टाकला होता तेही. बाईंनी तिथेच गाडी थांबवायला लावली, खाली उतरल्या, ड्रायव्हरचा दुखरा हात धरून त्याला खाली उतरवलं आणि सगळ्यांकडे बघत म्हणाल्या, "तुमच्यातलं कोणी नव्हतं तेव्हा हा थांबला होता." कोणाची मान वर झाली नाही. मी बंदोबस्ताच्या नावाखाली तिथे उभा होतो, आणि खरं सांगतो, मला बाजूला जाऊन रुमाल काढावा लागला.

या तपासाने मला काय शिकवलं असं कोणी विचारलं तर नखाची आणि पॉलिशची हुशारी मी रंगवून सांगतोच, त्यात मला आनंद आहे. पण ठाण्यात मी बदल केला तो वेगळा. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, धुळ्याला असो की जळगावला, जखमीला घेऊन जो कोणी माझ्या ठाण्यात आला, त्याला आधी खुर्ची आणि पाणी मिळालं. प्रश्न त्यानंतर.